दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. माझी लांबी सात फूट, पाय सहा आणि हात दोन. त्यातला डावा हात आता अर्धाच उरला आहे. मी बागेतला बाक नव्हतो, की माझ्यावर बसून कोणी गाणी म्हणावीत. मी न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या दालनाच्या दाराबाहेर असे. माझ्यावर साक्षीदार बसत.

ज्या सुताराने मला बनवले तो फार चौकस माणूस होता. काम सांगायला आलेल्या कारकुनाला त्याने विचारले, "यावर बसणारा माणूस किती वेळ बसणार?"

"कोण जाणे! सकाळी दहाला येईल. पाच वाजता त्याला सांगतील, उद्या या."

"मग पाठीला कल द्यायला हवा. जेवायला बसणाऱ्याची पाठ वेगळी आणि वाट बघणाऱ्याची वेगळी."

"तुम्हाला काय करायचंय? चार फळ्या ठोका आणि द्या."

"चार फळ्याच ठोकायच्या तर माझ्याकडे कशाला आलात?" सुतार म्हणाला.

मी तयार झाल्यावर त्याने आपल्या बायकोला माझ्यावर बसवले. ती दुपारभर वाटाणे सोलत बसली आणि उठताना म्हणाली, "कंबर बरी आहे हो, पण गुडघ्यामागे काठ रुततोय." सुताराने लगेच रंधा घेतला आणि माझा पुढचा काठ गोल केला. ती दुपार मला अजून आठवते. लाकडाच्या भुशात वाटाण्याची टरफले पडली होती आणि ती दोघे रात्री काय रांधायचे यावर वाद घालत होती.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी इमानेइतबारे काम केले. तुम्हाला वाटेल, दाराबाहेर बसून काय दिसणार? पण न्यायालयाचा एक नियम आहे. साक्षीदाराने आपली साक्ष होईपर्यंत आत पाऊल टाकायचे नाही. दुसऱ्याचे बोलणे कानावर पडले तर आपल्या आठवणीत भेसळ होते, म्हणून हा नियम. त्यामुळे आत वकिलांचे आवाज चढत आणि बाहेर माझ्यावर माणसे आपापली आठवण सांभाळत बसत. एका घड्याळजीने आपली साक्ष पाठ केली होती. तो ती पुटपुटत असे आणि हातातल्या घड्याळात बघून म्हणत असे, "सव्वातीन मिनिटं. छान." आत गेल्यावर न्यायाधीशांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, वय किती? त्याची बोबडी वळली. एक आत्या आणि तिचा भाचा कुंपणाच्या भांडणात एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला आले होते. दोघे माझ्या दोन टोकांना तोंडे फिरवून बसले. तिसऱ्या दिवशी आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, "पावात लोणी जास्त झालंय. कुणाला हवं असेल तर घ्या." भाच्याने घेतले. तो खटला पुढे उभाच राहिला नाही.

हे सगळे बघायला कधी कोणी आले नाही. आले असते तर त्यांची करमणूक झाली असती आणि थोडी अक्कलही आली असती.

दालनाचा शिपाई तेव्हा नवीन होता. त्याच्या कमरेला चाव्यांचा भला मोठा जुडगा असे, म्हणून वकिलांपासून आरोपींपर्यंत सगळे त्याला चावीमामा म्हणत. तो वर्षातून एकदा मला जवसाचे तेल पाजत असे आणि मोकळा वेळ असला की माझ्याशी बोलतही असे. निवृत्त होताना एक न्यायाधीश त्याला म्हणाले होते, "मामा, या इमारतीत दोनच गोष्टी कधी कुरकुरल्या नाहीत. तुम्ही आणि हा बाक." मामाने ती गोष्ट पुढे कितीतरी जणांना सांगितली. प्रत्येक वेळी माझा उल्लेख थोडा कमी होत गेला.

मग एके दिवशी तो खुनी पकडला गेला.

त्याने सात जणींना मारले होते. कसे मारले, ते मी सांगणार नाही. ज्यांना फक्त तेवढेच ऐकायचे असेल त्यांनी आत्ताच उठून घरी जावे. वर्तमानपत्रांनी त्याला एक टोपणनाव दिले होते. तेही मी उच्चारणार नाही. ते नाव लोकांना इतके आवडले की ज्या बातमीदाराने ते शोधून काढले त्याला बढती मिळाली. त्या सात जणींना आईबापांनी ठेवलेली चांगली नावे होती, पण त्यांच्या वाट्याला आकडे आले. पहिली, दुसरी, तिसरी, असे लोक म्हणू लागले. जणू पुस्तकाचे धडेच.

खटल्याच्या पहिल्या दिवशी पोलिसांची गाडी लवकर आली. दालनाला कुलूप होते आणि नेमकी त्या दिवशी मामाला चावी सापडेना. "सगळा जन्म चाव्यांत गेला आणि आजच कशी दडली ही!" असे म्हणत तो जिन्यावरून खाली पळाला. दोन हवालदारांनी आरोपीला माझ्यावर बसवले. तो अकरा मिनिटे बसला. पुढे ही अकरा मिनिटे ऐकण्यासाठी लोक गाड्या बदलून येत, म्हणून तुम्हालाही सांगून टाकतो. त्याचे वजन बेताचे होते. त्याला सर्दी झाली होती. त्याने तीनदा नाक ओढले आणि एकदा माझ्या खालच्या बाजूला बोट पुसले. मग त्याने हवालदाराला विचारले, "फोटोवाले पुढच्या दाराला आहेत की मागच्या?"

"पुढच्या," हवालदार म्हणाला.

त्याने केस सारखे केले. झाले. अकरा मिनिटांत याखेरीज काहीही घडले नाही. पुढे लोक त्याच्या खोल खोल मनाबद्दल बोलत, तेव्हा मला हसू येई. माझ्यावर आजवर हजारो माणसे बसली. इतके उथळ ओझे मी दुसरे पाहिले नाही.

पण खोटे कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले आणि मला बरे वाटले. सगळा गाव मला बघायला येत होता. मला वाटले, आता आपलेही नाव झाले. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

दालनात फार थोडी जागा होती, म्हणून प्रेक्षकांसाठी पास काढले गेले. पहाटेपासून रांगा लागू लागल्या. दातांच्या एका डॉक्टरने आठवडाभर दवाखाना बंद ठेवला. गाल सुजलेली माणसे त्याच्या दाराला टाळे बघून परत जात होती आणि हा इथे दुर्बीण घेऊन बसत होता. एक जोडपे लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आले. रस्त्यावर त्या टोपणनावाचे बिल्ले विकायला आले आणि ते शाळेच्या दप्तरांवर लागले. एका गृहस्थाने इकडेतिकडे बघून खिशातून चाकू काढला आणि माझ्या डाव्या हाताचा तुकडा कापून घेतला. आठवण म्हणून! कसली आठवण, ते त्याचे त्याला ठाऊक.

पुस्तक लिहिणारा एक लेखक रोज येई. तो एकदा हवालदाराला म्हणाला, "याचं बालपण फार दुःखात गेलं असणार, नाही?"

"माझंही दुःखातच गेलं, साहेब," हवालदार म्हणाला. "मी पोलिसात भरती झालो."

लेखकाने ते वहीत लिहून घेतले नाही.

चावीमामाही हवेत होता. ज्यांनी कधी त्याच्याकडे पाहिले नव्हते ते लोक त्याला "मामासाहेब" म्हणू लागले होते. त्याची मेहुणी पहिल्या रांगेत, तिच्या मैत्रिणी दुसऱ्या रांगेत. मला तेल पाजायचे तो त्या वर्षी साफ विसरला.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. पन्नाशीची, अंगाने किरकोळ. हातात साक्षीचा कागद होता. तिने पिशवीतून ओले फडके काढले, मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसले, मग कोरडे फडके फिरवले आणि माझ्या तुटक्या हाताशी बसली. तिच्या बोटांवर वाफेने भाजल्याचे जुने डाग होते. ती एका लाँड्रीत इस्त्रीचे काम करत होती. सात जणींपैकी पाचवी तिची मुलगी.

मुलगी चष्म्याच्या दुकानात होती. काचा घासून चौकटीत बसवायच्या, ढिल्या झालेल्या काड्या आवळायच्या, हे तिचे काम. इवलेसे स्क्रू आणि त्याहून इवलासा पेचकस एका पत्र्याच्या डबीत घालून ती पर्समध्ये ठेवी. रस्त्यात कुणाची चष्म्याची काडी लोंबताना दिसली की तिथेच उभी राहून आवळून देई. ती डबी त्या माणसाच्या खोलीत सापडली होती.

त्याच्या वकिलाने मात्र न्यायालयात सांगितले होते, की ती मुलगी त्याची मैत्रीण होती. ती डबी तिनेच त्याला दिली. त्या संध्याकाळी लोकांनी तिला त्याच्या हातात हात घालून जाताना पाहिले होते. वर्तमानपत्रांनी तेवढे उचलले. 'पाचवी हसत हसत गेली', असा मथळा आला. बाईने वर्तमानपत्राचा तो कागद घडी करून पिशवीत ठेवला होता. रोज तो बाहेर काढायची, वाचायची नाही, इस्त्री केल्यासारखी त्यावरून बोटे फिरवायची आणि परत ठेवायची.

ती संध्याकाळ खरी कशी होती, हे फक्त तिला ठाऊक होते. तिला आत जाऊन तेवढे सांगायचे होते. पण साक्षीदारांच्या यादीत तिचा क्रमांक होता त्रेपन्नावा.

"मावशी, आत नाही जाता येणार," चावीमामाने पहिल्याच दिवशी तिला बजावले. "नियम म्हणजे नियम."

"मी कुठे म्हणतेय आत सोडा? माझं नाव पुकारलं की सांगा."

ती रोज येई, मला पुसे आणि बसे. दार उघडे की गर्दी आत घुसे, आणि कुणीतरी हटकून म्हणे, "आज कोणती आहे? तिसरी ना? तिसरी फार छान आहे म्हणतात." ती मान खाली घाली. आणि मित्रांनो, आधी वर्तमानपत्रात फोटो आला म्हणून फुगलेला मी त्या वेळी तिच्या पाठीखाली होतो. जमिनीत गडप व्हावेसे वाटे, पण सुताराने पाय भक्कम लावले होते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तीन बायका बाहेर आल्या आणि डबे उघडून माझ्यावर बसल्या. एक होती विणकामवाली, एकीच्या गळ्यात दुर्बीण, तिसरी जाडजूड आणि हसतमुख. त्या रोज पहिल्या दोन रांगांत असत.

"काय ते डोळे गं!" विणकामवाली म्हणाली. "आज त्यानं एकदा आपल्याकडे बघितलं. शपथेवर सांगते."

"तुझ्याकडे कशाला बघेल? मागे ते घड्याळ आहे, ते बघत असेल."

"जळतेस तू."

"वाटत नाही गं पण त्याच्याकडे बघून. कसा नीटनेटका बसतो! आमच्या ह्यांच्या सदऱ्याचं एक बटण कधी जागेवर नसतं."

तिघी खदखदून हसल्या. मग जाडजूड बाईचे लक्ष कडेला बसलेल्या बाईकडे गेले. "तुम्हाला पास नाही का हो मिळाला, ताई?"

"नाही. मला आत सोडत नाहीत."

"अगबाई! त्या चावीमामाशी जरा गोड बोला. आम्ही नाही का बोललो! एकही दिवस चुकवला नाहीये आम्ही."

"आणि तुम्ही बसलात ना," दुर्बीणवाली पुढे वाकून हळूच म्हणाली, "अगदी तिथेच बसला होता तो. पहिल्या दिवशी. खरंच. मला जरा बसू द्याल का तिथं? मिनिटभर?"

बाई उठली नाही. तिने पिशवीतले फडके काढले, आपल्या दोन्ही बाजूंची जागा पुन्हा एकदा पुसली आणि तिथेच टेकून बसली.

विणकामवालीने सुया थांबवल्या नाहीत. "उद्या म्हणे पाचवी आहे. ती चष्म्याच्या दुकानातली. तिचं मला काही वाईट वाटत नाही बाई. हातात हात घालून गेली, मग काय होणार?"

"ती माझी मुलगी," बाई म्हणाली.

सुया थांबल्या. जाडजूड बाईचा घास तोंडातच राहिला. मला वाटले, आता यांना लाज वाटेल. आता एखादी उठेल, हात जोडेल, निदान डबा तरी झाकेल. मग दुर्बीणवालीने घसा साफ केला आणि अगदी आदराने विचारले, "मग तुम्ही त्याला जवळून पाहिलंय का हो?"

चावीमामा दारातच उभा होता. त्याने ते ऐकले. त्याचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. तो तरातरा आला आणि म्हणाला, "उठा. हा साक्षीदारांचा बाक आहे."

"अहो मामासाहेब, पण आम्ही तर नेहमी..."

"मामासाहेब नाही. शिपाई म्हणतात मला. उठा म्हटलं ना?"

त्या उठल्या. जाताना विणकामवाली म्हणाली, "काय माणसं असतात एकेक!" कोणाला उद्देशून म्हणाली, ते मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवीचा विषय निघाला, पण बाईचे नाव काही पुकारले गेले नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने डबी ओळखली आणि ते प्रकरण उरकले. संध्याकाळी सरकारी वकीलबाई बाहेर आल्या. हुशार बाई, पण थकून गेलेल्या. त्या माझ्यावर तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी चपलेतून पाय मोकळे केले.

"मावशी, एक चांगली बातमी आहे. तुमची साक्ष आता लागणार नाही. डबी ओळखली गेली. पुरावा भक्कम आहे, तो सुटत नाही."

"मग मला बोलावणार नाही?"

"गरजच नाही. यादीतून तुमचं नाव काढते मी. म्हणजे तुम्हाला उद्यापासून आत बसता येईल. पहिल्या रांगेत जागा देऊ. तुम्हाला तो समोर दिसेल."

मित्रांनो, त्या जागेसाठी लोक पहाटे चारला उठत होते. दातांच्या डॉक्टरने ती मिळवण्यासाठी चावीमामाच्या सगळ्या घराचे दात फुकट काढून द्यायची तयारी दाखवली होती.

"मला त्याला बघायचं नाहीये, बाई," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

"पण त्यानं निकालात काही फरक पडणार नाही."

"तुमच्या निकालात नसेल पडत."

बाईने पिशवीतून तो कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. 'पाचवी हसत हसत गेली.' "हे लोकांनी वाचलंय. माझ्या लाँड्रीतल्या बायकांनी वाचलंय. तिच्या धाकट्या भावानं वाचलंय, आणि तो आता तिचं नाव काढलं की खोलीतून उठून जातो. त्याला फाशी द्या, नाहीतर सोन्याच्या खुर्चीवर बसवा. मला आत उभं राहून काय झालं ते सांगू द्या. नाव काढू नका माझं."

"उलटतपासणी होईल, मावशी. त्याचा वकील वाटेल ते विचारेल. तुमच्याच अंगावर उलटेल काहीतरी."

"उलटू दे."

वकीलबाईंनी कागदाची घडी केली आणि पुन्हा चपला घातल्या. "बघते," त्या म्हणाल्या. त्यांनी पाहिले. तरी आणखी बरेच दिवस गेले. एकूण सत्तावीस दिवस ती माझ्यावर बसली. मग एका सकाळी मामा स्वतः जिना उतरून तिला घ्यायला गेला आणि वर येताना म्हणाला, "आज तुमची पाळी, मावशी."

नेमकी त्या दिवशी आरोपीची दाढ सुजली होती. तो आलाच नाही. त्याच्या वकिलाने सांगितले की त्याच्या गैरहजेरीत काम चालवायला हरकत नाही. ही बातमी आत पोहोचली तशी उघड्या दाराजवळच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली.

"म्हणजे आज तो नाहीच?"

"दाढ दुखतेय म्हणे."

"अगं मग आज आहे तरी कोण?"

"कुणाची तरी आई."

"हात्तिच्या! चला मग. रांगेत उगाच तंगड्या तोडल्या."

आणि ते उठले. एकेक करून नाही, रांगाच्या रांगा उठल्या. डबे, दुर्बिणी, विणकामाचे गुंडाळे घेऊन ते माझ्यासमोरून निघून गेले. दातांचा डॉक्टर हवालदाराला विचारत होता, "दाढ कुठली? वरची की खालची?" लेखकाने वही बंद केली आणि तो चहा प्यायला गेला. त्या गर्दीतून उलट्या दिशेने ती एकटी आत गेली. लोकांनी तिला वाट द्यायचेही कष्ट घेतले नाहीत.

शेवटचा माणूस दार लोटून घ्यायला विसरला. मामाच्या ते लक्षात आले. तो दाराशी गेला, कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिला. त्याने दार लावले नाही. इतक्या वर्षांत आतले बोलणे मला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आले.

तिने आपले नाव सांगितले. मुलीचे नाव सांगितले. मग म्हणाली, "लाँड्रीतला फोन वाफेच्या यंत्राजवळ आहे, त्यामुळे नीट ऐकू येत नाही. मी तिला दोनदा बोलायला लावलं. ती म्हणाली, आई, मला अर्धा तास उशीर होईल. दुकान बंद करायला लागले होते, तर एक गृहस्थ आलेत. चष्मा पडून फुटलाय त्यांचा. चष्म्याशिवाय काही दिसत नाही म्हणतात. त्यांना बसच्या थांब्यापर्यंत सोडते आणि येते. ती त्याला ओळखत नव्हती, साहेब. गृहस्थ म्हणाली ती. ओळखीच्या माणसाला कोणी गृहस्थ म्हणत नाही."

फक्त टंकलेखकाच्या यंत्राचा आवाज येत होता.

मग त्याचा वकील उठला. खुर्ची मागे सरकल्याचे मला ऐकू आले. "बाई, शहरात त्या वेळी काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत होतं. चार मुली आधीच गेल्या होत्या. तरी मुलगी अंधार पडायच्या वेळी अनोळखी पुरुषाबरोबर जाते म्हणाली, आणि तुम्ही तिला अडवलं नाही?"

"नाही."

"का?"

"त्याला दिसत नव्हतं ना."

"मग तुम्ही तिला काहीच म्हणाला नाहीत?"

टंकलेखकाचे यंत्र थांबले.

"म्हणाले," ती म्हणाली. "मी म्हणाले, त्यांचा हात नीट धर. तिथं पायऱ्या आहेत."

वकील खाली बसला. थोड्या वेळाने न्यायाधीशांचा आवाज आला. ते टंकलेखकाला म्हणाले, "हे तिच्याच शब्दांत घ्या. एकही शब्द बदलू नका."

ती बाहेर आली. ती माझ्यावर बसली आणि तिने डोळे मिटले. मामा तिच्यासमोर उभा होता. तो चाव्या मोजल्यासारखे करत होता. एवढ्यात ती दुर्बीणवाली जिना चढून धापा टाकत आली. तिची छत्री आत राहिली होती. छत्री घेऊन निघताना तिने मामाला विचारले, "काय हो, झालं का काही विशेष?"

मामाने तिच्याकडे नीट पाहिले. "नाही," तो म्हणाला. "तुमच्या कामाचं काही नव्हतं."

मित्रांनो, पुढचे थोडक्यात सांगतो. त्या आरोपीला शिक्षा झाली. लेखकाचे पुस्तक निघाले, त्यात बाईची साक्ष दीड ओळीत आहे आणि तीही चुकीची. मुलीचा धाकटा भाऊ एकदा आईबरोबर आला होता. मामाने त्याला साक्षीची प्रत काढून दिली, ती त्याने उभ्यानेच वाचली आणि मग माझ्यावर बसून खूप रडला. नंतर न्यायालयात लोखंडी खुर्च्या आल्या आणि मला मागच्या अंगणात, सायकलींच्या पत्र्याखाली टाकले. पावसाने माझा एक पाय कुजला आहे. मध्यंतरी एका प्रदर्शनवाल्याची माणसे मला न्यायला आली होती. त्यांना मला काचेच्या खोलीत ठेवून वर दिवा लावायचा होता. निवृत्त झालेला मामा तेव्हा काठी टेकत आला आणि म्हणाला, "तो बाक तर कधीच सरपणाला गेला. हा वेगळा." माझ्यासाठी कुणी बोललेले ते एकमेव खोटे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. जुन्या लाकडावर चाकू चालवू नका. जमले तर वर्षातून एकदा थोडे तेल द्या. आणि उद्या तुमच्या गावात असा एखादा पकडला गेला, टोपणनाव, बिल्ले, पहाटेच्या रांगा असे सगळे सुरू झाले, तर आत धावण्याआधी दाराबाहेर कोण बसले आहे ते बघा. तिला काही विचारू नका. ती तिच्या पाळीची वाट बघत असेल. तिचे नाव पुकारले गेले आणि ती बोलायला उभी राहिली, तर तुम्ही मात्र उठून जाऊ नका.